पाट्याला टाकी तसा बॉलला पॅड: बॉलिंग बॉलचा ग्रिट निवडायचा कसा आणि टिकवायचा कसा

आधी प्रश्न काय आलाय ते सांगतो. मुलगा मूळचा नाशिकचा, आता मिशिगनमध्ये, ऑफिसच्या ग्रुपबरोबर बुधवारची टेनपिन बॉलिंगची लीग खेळतो, पहिलाच सीझन, ॲव्हरेज १६५ च्या आसपास, बॉलचा स्पीड मॉनिटरवर ताशी १५-१६ मैल दाखवतो. सप्टेंबरात त्याने १५ पौंडांचा सॉलिड रिॲक्टिव्ह (हा बाहेरच्या कव्हरचा प्रकार) बॉल घेतला, बॉक्सवर फिनिश २००० ग्रिट लिहिलेलं, ग्रिट म्हणजे कव्हर किती खरखरीत आहे त्याचा नंबर. पहिले तीन-चार आठवडे बॉल मस्त वळायचा, आता डिसेंबर आलाय, चाळीसेक गेम झालेत आणि बॉल सरळच्या सरळ जातोय. विचारतोय की दादा, बॉल मेला का, नवीन घेऊ का, शॉपमधला एकजण म्हणाला ५०० ग्रिटचा घासायचा पॅड मारून टाक, तर मारू का, आणि हे घरी करता येतं का.

बॉल मेला नाहीये. नवीन घेऊ नकोस. ५०० मारून तसाच सोडू नकोस. आणि हो, घरी करता येतं, अगदी हाताने.

मी डेट्रॉइटच्या बाजूला गेली अठरा वर्षं लीग खेळतोय आणि त्यातली दहा-बारा वर्षं दर शनिवारी एका प्रो शॉपमध्ये, म्हणजे बॉलिंगच्या सामानाच्या दुकानात, ड्रिलिंग आणि सरफेसचं काम करतोय. शॉपमध्ये "बॉल मेला" म्हणून येणाऱ्या बॉल्सपैकी बहुतेक बॉल स्पिनरवरून, म्हणजे बॉल फिरवत घासायच्या मशीनवरून, उतरले की परत पहिल्यासारखे चालतात. लोक दोनशे डॉलरच्या वर घालून नवा बॉल घेतात आणि तीन महिन्यांनी त्याचंही तेच होतं, नव्याचे नऊ दिवस. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, वाचायला वेळ लागेल पण पैसे वाचतील.

तू नाशिकचा, म्हणजे आजीकडे पाटा-वरवंटा पाहिला असशील. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्यावर चटणी नुसती सरकते, वाटली जात नाही, मग टाकीवाली दारावर आली की आजी तिला बोलवायची आणि ती छिन्नी-हातोडीने टकटक करत पाट्यावर बारीक खड्डे पाडून द्यायची. दुसऱ्या दिवसापासून चटणी परत झकास. पाटा तोच, दगड तोच, फक्त वरचा खरखरीतपणा गेलेला असतो तो परत आणायचा. तुझ्या बॉलचं अगदी हेच झालंय.

आता होतं काय ते बघ. लेन फाउल लाइनपासून, म्हणजे जिथून बॉल सोडतो तिथून, हेडपिनपर्यंत, म्हणजे सगळ्यात पुढच्या पिनेपर्यंत, ६० फूट, त्यातल्या पहिल्या साधारण ४० फुटांवर ऑइल असतं आणि पुढचे वीसेक फूट कोरडे. हाउस शॉटमध्ये, म्हणजे सेंटर रोज ऑइल ज्या पद्धतीने घालतं त्यात, मधल्या बोर्डांवर (लेनच्या उभ्या पट्ट्यांवर) ऑइल भरपूर आणि बाहेरच्या आठ-दहा बोर्डांवर अगदी थोडं. बॉल आधी ऑइलवरून सरकतो, मग कोरड्यात पकडतो आणि वळतो, मग शेवटी नुसता रोल होत पिनांमध्ये जातो. सरकणं, वळणं, रोल होणं, या तीन गोष्टी कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात यावर तुझा स्ट्राइक ठरतो. ऑइलचा थर केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो. बॉलचा सरफेस खरखरीत असेल तर त्याचे बारीक बारीक उंचवटे तो थर कापून खालच्या लेनला धरतात, गुळगुळीत असेल तर बॉल थरावर तरंगत पुढे जातो. कमी नंबरचा ग्रिट म्हणजे जास्त खरखरीत, बॉल लवकर पकडतो. मोठा नंबर म्हणजे गुळगुळीत, बॉल लांब जातो. यूएसबीसीने, म्हणजे इथल्या बॉलिंगच्या नियामक संस्थेने, २००० नंतरच्या दशकात बॉल मोशनवर मोठा अभ्यास केला होता त्यातही सरफेसचा खरखरीतपणा हा सगळ्यात वजनदार गोष्टींपैकी एक निघाला. आपण मात्र बॉल घेताना आतल्या कोअरचे आकडे बघत बसतो, कारण कॅटलॉगमध्ये कोअरचं चित्र छान दिसतं.

आणि हे आजचं नाहीये. १९७३ मध्ये डॉन मॅक्यून नावाचा प्रो बॉलर प्लास्टिकचा बॉल एमईके नावाच्या सॉल्व्हंटमध्ये भिजवून त्याचं कव्हर मऊ करायचा, त्या वर्षी त्याने सहा टायटल्स जिंकली आणि प्लेअर ऑफ द इयर झाला. त्यानंतर बॉलच्या कडकपणावर नियम आले. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन आलं, १९९० च्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह रेझिन आलं, आणि रिॲक्टिव्हच्या कव्हरला अतिशय सूक्ष्म छिद्रं असतात, ती ऑइल पितात. म्हणून तर ते कोरड्यात एवढं जोरात पकडतं, आणि म्हणूनच त्याची काळजी घ्यावी लागते. उरलेल्या पिना पाडायच्या प्लास्टिकच्या स्पेअर बॉलला हे काही नाही, तो चकचकीत ठेवायचा, सरळ गेला पाहिजे, विषय संपला.

तुझ्या बॉलला दोन गोष्टी झाल्यात. पहिली, लेनने त्याला घासून गुळगुळीत केलाय. प्रत्येक शॉटला बॉलचा एक पट्टा लेनला लागतो, त्याला ट्रॅक म्हणतात, आणि तीन गेम म्हणजे साठ शॉट नाही झाले तरी पन्नासेक तर होतातच. माझ्या हाताखालून गेलेल्या बॉल्सवरून सांगतो, २००० चा बॉल सहा-आठ गेममध्येच ट्रॅकवर ३००० सारखा वागायला लागतो, आणि ५०० किंवा १००० चा तर त्याहून पटकन घसरतो, कारण उंचवटे जेवढे टोकदार तेवढे लवकर मोडतात. गंमत म्हणजे पॉलिश केलेल्या बॉलचं उलटं होतं, त्याचं पॉलिश लेनवर निघत जातं आणि तो हळूहळू मंद होतो. म्हणजे काहीच केलं नाही तर सगळे बॉल मधल्याच कुठल्यातरी सरफेसला येऊन थांबतात आणि बॅगेत तीन बॉल असले तरी तिन्ही सारखेच चालतात, मग माणूस म्हणतो माझ्याकडे ऑप्शनच नाही. दुसरी गोष्ट, चाळीस गेममध्ये त्याने ऑइल पिऊन घेतलंय आणि छिद्रं तुंबलीत.

आज रात्री एक कर. खोलीतला दिवा घालव, मोबाइलचा टॉर्च बॉलवर तिरपा धर आणि बॉल हळूहळू फिरव. नवा कोरा भाग, म्हणजे लेनला न लागणारा, तिथे प्रकाश पसरट, धुरकट दिसेल. ट्रॅकच्या पट्ट्यावर आलास की तोच प्रकाश एकदम आखडून टोकदार होईल, जवळजवळ आरशासारखा, आणि त्यात बॉल ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने बारीक रेघा दिसतील. त्या पट्ट्यावरून नख फिरव, मग बाजूच्या भागावरून फिरव. बाजूला नखाला किंचित कुरकुर लागते, पट्ट्यावर नख सटकतं. एकदा हा फरक बोटाला कळला ना की पुढे कधी कोणाला विचारावं लागत नाही.

आता नंबरांबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. आपण वापरतो ते पॅड म्हणजे फोमवर बसवलेलं घासायचं कापड. अबरॅलॉन हे फिनलंडच्या मिरका कंपनीचं, सियाएअर स्वित्झर्लंडच्या सिया कंपनीचं, दोन्ही चांगले, फक्त एकाच घराण्याचे घे म्हणजे तुलना राहते. मिळतात ५००, १०००, २०००, ३०००, ४००० असे. पण पॅडवरचा नंबर म्हणजे बॉलवरचा नंबर नव्हे, हे डोक्यात पक्कं बसव. नवा कोरा १००० चा पॅड जास्त खोल कापतो, तोच पॅड दहा बॉल झाल्यावर १५०० सारखा काम करतो. जोरात दाबलं तर एक, हलक्या हाताने केलं तर दुसरं. मी पॅडच्या मागे मार्करने रेघ मारतो, एक बॉल एक रेघ, दहा-बारा रेघा झाल्या की तो पॅड फक्त हलक्या कामाला.

आणि त्याच्या खाली आधी काय मारलं होतं यावरही ठरतं. समजा बॉलला ५०० मारलं आणि वरून थोडंसं २०००. ५०० म्हणजे नांगरट, त्याने खोल तास पडतात, २००० म्हणजे वरून वखर फिरवला, ढेकळांची टोकं फुटली पण तास खाली तसेच राहिले. असा बॉल ऑइलमध्ये लवकर पकडतो. दुसरा बॉल ५००, मग नीट १०००, मग नीट २००० असा टप्प्याटप्प्याने आणला तर तास बुजत येतात आणि तो जास्त एकसारखा, जास्त लांब जातो. दोन्हीवर शेवटचा पॅड २००० च, पण लेनवर दोघं वेगळे. शॉपमध्ये सरफेस स्कॅनर असतो त्यात हे आकड्यात दिसतं. तुझ्या शॉपमधल्या माणसाने ५०० म्हटलं ते बहुधा याच अर्थाने, पाया म्हणून आधी ५०० आणि मग वर चढायचं. त्यात काही चुकीचं नाही, फक्त तिथेच थांबायचं नसतं.

पॉलिशबद्दलही असंच. स्टॉर्मचा हाय-रोड बॉल १५०० ग्रिट पॉलिश्ड म्हणून येतो आणि त्याच कंपनीचा फेझ टू ३००० ग्रिट म्हणून. नुसते नंबर बघून वाटेल १५०० वाला जास्त खरखरीत. तसं नाहीये, १५०० वर पॉलिश चढलं की वरून तो ३००० च्या मॅट बॉलपेक्षा गुळगुळीत वागतो आणि ऑइलवर जास्त सरकतो. पॉलिश असेल तर खालचा नंबर म्हणजे नुसता पाया, हे लक्षात ठेव.

तर निवडायचं कसं. तुझा स्पीड १५-१६, म्हणजे बेताचा, फार वेगात टाकत नाहीस. बॉल हळू गेला की त्याला लेनवर पकडायला जास्त वेळ मिळतो, म्हणून तुला फार खरखरीत बॉलची गरज नाही. जे जोरात टाकतात आणि बॉलला फिरकी कमी देतात त्यांना १००० किंवा त्याखालचं लागतं. जे दोन हाताने टाकतात, प्रो बॉलर बेलमाँटेसारखे, त्यांची फिरकी एवढी असते की हाउस शॉटवर त्यांना बहुधा गुळगुळीत बॉलच सोयीचा पडतो. तू मध्ये आहेस. तुझ्या सॉलिड बॉलला २००० हेच बरोबर आहे, फॅक्टरीने दिलेलं आहे तेच, आणि सेंटरच्या लेन जुन्या असतील, ऑइल लवकर उडत असेल तर ३०००. मी तुला २००० पासूनच सुरू कर म्हणेन, कारण तुला तो बॉल पहिल्या महिन्यात आवडला होता, तेव्हा तो जसा होता तसा परत आणून बघणं हे सगळ्यात शहाणपणाचं, नवीन प्रयोग त्यानंतर.

५०० वर का सोडायचं नाही ते स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. तिसऱ्या का चौथ्या सीझनला एक मोठी टीम स्पर्धा होती, कोणीतरी म्हणालं तिथे ऑइल फार जड असतं, म्हणून मी आदल्या रात्री माझा सगळ्यात भरवशाचा बॉल ५०० ला उतरवला. पहिला गेम ताज्या ऑइलवर छान गेला, मला वाटलं जमलं. दुसऱ्या गेमच्या मध्यापर्यंत आमच्या जोडीच्या लेनवरचं ऑइल त्याच पट्ट्यात सगळ्यांनी खाल्लं आणि माझा बॉल अरोजच्या, म्हणजे लेनवर सुरुवातीला असलेल्या बाणांच्या, थोडं पुढेच पकडायला लागला. पॉकेटमध्ये, म्हणजे हेडपिन आणि तिच्या उजवीकडच्या पिनेच्या मधल्या जागेत, तर जायचा, पण जीव नसायचा. सलग तीन फ्रेम १० नंबरची पिन (मागच्या रांगेतली अगदी उजवी) उभी, आणि तिच्या पुढची ६ नंबरची पिन मलूल होऊन लेनच्या कडेच्या गटारात आडवी पडलेली. याला फ्लॅट टेन म्हणतात. बॉलने आपली सगळी ताकद लेनवरच खर्च केली की असं होतं. टीममधले बाकी तिघं चांगलं खेळत होते आणि मी त्यांना खाली ओढलं, ते अजून बोचतं. त्या दिवसापासून स्पर्धेच्या आदल्या रात्री सरफेसला मोठा हात लावायचा नाही हे ठरवलं, आणि ज्या सरफेसवर निदान दोन वेळा सराव झालेला नाही तो बॉल मी मॅचला नेत नाही.

त्यावरून पुढचं, पिना काय सांगतात ते वाचायला शिक. तू उजव्या हाताचा आहेस असं धरतो. फ्लॅट टेन वारंवार येतोय, बॉल लवकर वळून शेवटी मरगळतोय, तर ग्रिट वर ने, २००० चा ३००० कर. उलट बॉल सरकतच राहतोय, पॉकेटला उशिरा आणि हलका लागतोय, २ नंबरच्या (हेडपिनच्या मागच्या डावीकडच्या) पिनेच्या आजूबाजूला पिना उरतायत, तर ग्रिट खाली आण. ६ नंबरची पिन १० च्या मानेभोवतून जोरात फिरून जातेय, ज्याला रिंगिंग टेन म्हणतात, तर तिथे सरफेसला हात लावू नकोस, पाय नाहीतर लाइन अर्धा बोर्ड हलव, तेवढं पुरतं.

आणि एक गोष्ट जी भल्याभल्यांना उलटी वाटते. हाउस शॉटवर कधीकधी बॉल दोन टोकं करतो, जरा आत पडला तर सरकत सुटतो, जरा बाहेर गेला तर एकदम झेप घेऊन हेडपिनच्या डावीकडे जातो. माणसाला वाटतं बॉल फार वळतोय, पॉलिश करूया. पॉलिश केलं की प्रकरण आणखी बिघडतं, कारण चकचकीत बॉल ऑइलवर आणखी सरकतो आणि साठवलेली सगळी ताकद कोरड्यात एकदम सोडतो. अशा वेळी थोडा खरखरीतपणा वाढवायचा, पॉलिश काढून २०००-३००० मॅट करायचा, म्हणजे बॉल मधल्या लेनवरच थोडा थोडा वळायला लागतो आणि शेवटची झेप गुळगुळीत होते. दिसायला हुक, म्हणजे वळण, कमी दिसेल पण पॉकेट मोठं होईल. मी शॉपमध्ये हे किमान आठवड्यातून एकदा कोणाला ना कोणाला समजावतो.

आता करायचं कसं. आधी ऑइल, मग पॅड, हा माझा क्रम. चाळीस गेम झालेत म्हणून एकदा ऑइल काढून घे, पुढे दर पन्नास-साठ गेमला. शॉपमध्ये त्याचं मशीन असतं, कमी आणि ठराविक तापमानावर बॉल फिरवत ठेवतं, सोपं आणि सुरक्षित. घरी करायचं तर भोकांवर वॉटरप्रूफ टेप नीट चिकटव, बादलीत नळाचं गरम पाणी घे, ५० डिग्री सेल्सिअसच्या वर अजिबात नको, थर्मामीटर लाव, भांड्यांचा लिक्विड साबण चमचाभर टाक आणि बॉल वीस मिनिटं ठेव. पाण्यावर तेलाचा तवंग दिसेल. बाहेर काढून मायक्रोफायबरने पूस, पाणी गार झालं की हवं तर परत एकदा. ओव्हन, हेअर ड्रायर, डिशवॉशर यांच्या नादाला लागू नकोस, आतला कोअर आणि बाहेरचं कव्हर वेगवेगळ्या वेगाने फुगतात आणि बॉलला चीर जाते. याच कारणासाठी बॉल गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही, ना उन्हाळ्यात ना आपल्या इथल्या जानेवारीत. थंडीत रात्रभर डिकीत राहिलेला बॉल सरळ गरम सेंटरमध्ये आणून पहिलाच शॉट मारलेला आणि अंगठ्याच्या भोकापासून चीर गेलेली, असे बॉल मी दर हिवाळ्यात बघतो, त्याला इलाज नाही.

मग पॅड. स्पिनर नसला तरी चालेल. किचनच्या ओट्यावर जुन्या टॉवेलची चुंबळ कर, डोक्यावर हंडा ठेवताना करतात तशी, आणि त्यावर बॉल ठेव, हलणार नाही. बाजूला पाण्याची स्प्रे बाटली. पॅड पाण्यात भिजवून घे, बॉलवरही पाणी मार, कोरडं घासायचं नाही. बॉलला फाशासारख्या सहा बाजू आहेत असं समज, वर, खाली आणि चार कडेच्या. प्रत्येक बाजूला मोबाइलवर टायमर लावून एक मिनिट, तळहात पसरून, मध्यम दाबाने, आधी गोल गोल आणि मग त्याला आडवं. सुरुवातीला पॅड खर्रखर्र आवाज करतो, पाण्यात बॉलच्या रंगाचा पातळ चिखल यायला लागतो, तुझा बॉल जांभळा असेल तर जांभळं पाणी. थोड्या वेळाने आवाज बारीक होतो आणि पॅड एकसारखा सरकायला लागतो, तो आवाज बदलला की ती बाजू होत आली असं समजायचं. बाजू बदलताना चिखल पुसून टाक आणि पॅड धुऊन घे, नाहीतर निघालेले कणच परत रेघा मारतात. पुढच्या नंबरच्या पॅडला जायच्या आधी तर बॉल पूर्ण धुवायचाच.

या वेळी तू ५००, मग १०००, मग २००० अशी पूर्ण चढण कर, कारण चाळीस गेमच्या ट्रॅकच्या रेघा नुसत्या २००० ने जाणार नाहीत. एकदा हे झालं की पुढे दर सहा ते नऊ गेमनंतर, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी, फक्त २००० चा पॅड दोन-तीन मिनिटं सगळीकडून हलका फिरवायचा, बस. लीगचा सीझन इथे तीस-तेहतीस आठवडे, आठवड्याला तीन गेम, म्हणजे सराव न धरता शंभरेक गेम होतात, तेव्हा वर्षातून एकदा, सीझन संपला की शॉपमध्ये स्पिनरवर पूर्ण काम करून घे. स्पिनरवर बॉल चार बाजूंनी लावतात आणि पॅड वरच्या टोकापासून मधल्या घेरापर्यंत एकाच गतीने आणतात, सगळीकडे सारखा वेळ मिळतो, हाताने तेवढी अचूकता येत नाही, पण लीगसाठी हाताचं पुरेसं आहे.

एक आपल्या लोकांसाठी मुद्दाम. आपण क्रिकेट बघत मोठे झालो, बॉलची एक बाजू पँटवर घासून चमकवायची हे डोक्यात बसलेलं असतं. मी एका मुलाला फक्त ट्रॅकच्या पट्ट्यावर पॅड मारताना बघितलंय, त्याला वाटलं लागतो तोच भाग तर खरखरीत करायचाय. बॉलिंगमध्ये तसं चालत नाही, यूएसबीसीच्या नियमाप्रमाणे सरफेस बदलायचा तर पूर्ण बॉलचा बदलायचा, आणि तसंही बॉल फिरताना ट्रॅक सरकत जातो, ऑइलच्या रिंगा दोन ठिकाणी जवळ येतात आणि मध्ये पसरतात हे तू बघितलं असशील, त्यामुळे अर्धवट काम केलं तर बॉल मध्येच पकडतो, मध्येच सोडतो.

बाकीचे नियमही माहीत असू देत, लीग यूएसबीसी सर्टिफाइड असेल तर लागू होतात. मॅच सुरू झाली की पॅड बॅगेतून काढायचा नाही, सुरू व्हायच्या आधी चालतं. मॅच चालू असताना बॉल फक्त कोरड्या टॉवेलने पुसता येतो, लिक्विड क्लीनर ऑगस्ट २०१९ पासून बंद आहे. कव्हरचा खरखरीतपणा ५० मायक्रोइंचांच्या वर नको, म्हणजे साधारण सव्वा मायक्रॉन. एवढे सूक्ष्म उंचवटे तुझा स्ट्राइक ठरवतात, विचार कर. ॲसिटोनला कधीच हात लावू नकोस, ते कव्हर मऊ करतं आणि नियमातही बसत नाही.

रोजची सवय म्हणशील तर दोनच. प्रत्येक शॉटनंतर बॉल परत आला की ऑइलच्या रिंगा पूर्ण पुसायच्या, आणि शेवटचा गेम संपला की बॉल अजून कोमट असताना तिथेच क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. घरी जाऊन करतो म्हटलं की राहतंच, आणि तोपर्यंत ऑइल आत गेलेलं असतं. शॉपमध्ये ज्यांचे बॉल चार-चार वर्षं चालतात ते सगळे हे करणारे आहेत, मग त्यांचा बॉल स्वस्तातला का असेना.

आणि मोबाइलच्या नोट्समध्ये बॉलच्या नावाने एक पान कर. तारीख, किती गेम, शेवटचा पॅड कुठला, त्याच्या खाली काय, आणि त्या रात्री तू कुठल्या बोर्डवर खेळलास. माझ्याकडे २०१२ पासूनचं आहे. पुढच्या सीझनला बॉल परत सरळ जायला लागला की तू आधी ते पान उघडशील आणि दिसेल की पॅड मारून अकरा गेम झालेत.

या वीकएंडला ऑइल काढ, ५००-१०००-२००० कर, आणि बुधवारी लीगच्या आधी जमलं तर दोन गेम सराव टाक. गुरुवारी मला दोन गोष्टी कळव, तिसऱ्या गेममध्ये कुठल्या पिना जास्त उरल्या, आणि टॉर्च तिरपा धरून काढलेला ट्रॅकचा एक फोटो. त्यावरून ३००० ला न्यायचा का ते ठरवू.